भट्टीत भांडं का फुटतं?

शाळेच्या मातीकामाच्या खोलीत गर्दी असते चाकाभोवती, पण भांड्याचं नशीब ठरतं सुकवणीच्या फळीवर. कोरडं दिसणारं भांडं गालाला लावून पाहा. गार लागलं, तर आत अजून पाणी आहे. भट्टीत १०० अंशांना त्याची वाफ होते आणि तिला सुमारे १,७०० पट जागा लागते. जाड बुडातून वाट मिळत नाही. शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा दाब वाढतो आणि भांडं फुटतं, कधी शेजारच्यांनाही घेऊन. दोष नेहमी हवेच्या बुडबुड्यांना देतात. खरं कारण बहुतेकदा ओलच. म्हणूनच सुरुवातीचे काही तास भट्टी १०० अंशांखाली ठेवतात. मातीच्या कणांतच बांधलेलं पाणी पुढे ५०० अंशांच्या आसपास सुटतं. तिथंही घाई नको. गार लागणारं भांडं आणखी दोन दिवस फळीवरच राहू द्या.