त्रिज्या आणि व्यास

वर्तुळाचा केंद्रबिंदू आणि वर्तुळावरील कोणताही बिंदू यांना जोडणाऱ्या रेषाखंडास त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणतात. वर्तुळावरील कोणत्याही दोन बिंदूंना जोडणारा रेषाखंड ही जीवा होय. केंद्रबिंदूतून जाणाऱ्या जीवेस व्यास म्हणतात. या रेषाखंडांच्या लांबीसही हीच नावे दिली जातात. एका वर्तुळाच्या असंख्य त्रिज्या काढता येतात व त्या सर्वांची लांबी समान असते. व्यास त्रिज्येच्या दुप्पट असतो आणि तीच वर्तुळाची सर्वांत मोठी जीवा असते.

नामोत्पत्ती

संस्कृतमध्ये ‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी. भारतीय ज्योतिर्गणितात ही संज्ञा अर्ध्या जीवेसाठी रूढ झाली. राशिचक्राच्या बारा राशींपैकी प्रत्येक राशी ३० अंशांची असते. म्हणून तीन राशी म्हणजे ९० अंश. या कोनाची ज्या वर्तुळाच्या केंद्रापासून कडेपर्यंतच्या अंतराएवढी भरते. तीन राशींची ज्या ती त्रिज्या.

परीघ आणि क्षेत्रफळ

परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर प्रत्येक वर्तुळात सारखेच असते. त्यास ‘पाय’ म्हणतात. आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ६२,८३२ सांगितला आहे. त्यावरून पायची किंमत ३.१४१६ येते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त सूक्ष्म मान ३९२७/१२५० व व्यवहारासाठी स्थूल मान २२/७ दिले आहे.

परीघ = पाय × व्यास
क्षेत्रफळ = पाय × त्रिज्या × त्रिज्या

एका सूत्रात व्यास व दुसऱ्यात त्रिज्या येत असल्याने विद्यार्थ्यांची अनेकदा गल्लत होते. ७ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ४४ सेंमी आणि क्षेत्रफळ सुमारे १५४ चौ. सेंमी असते. हेच ७ सेंमी व्यास मानल्यास परीघ २२ सेंमी, म्हणजे निम्मा होतो. क्षेत्रफळ मात्र ३८.५ चौ. सेंमी, म्हणजे एक चतुर्थांशच उरते. त्यामुळे उदाहरणात दिलेले माप त्रिज्येचे आहे की व्यासाचे, हे प्रथम पाहावे.

व्यवहारातील उपयोग

वर्तुळ काढताना त्रिज्या लागते. कंपासच्या दोन टोकांमधील अंतर ते हेच. तयार वस्तूवर मात्र केंद्रबिंदू दाखवलेला नसतो, म्हणून तेथे व्यास मोजणे सोयीचे ठरते. ‘सव्वादोन’ किंवा ‘अडीच’ मापाची बांगडी म्हणजे आतून तितके इंच व्यास असलेली बांगडी. नळीचे मापही व्यासावरूनच सांगतात. आतील व्यास अर्ध्या इंचाऐवजी एक इंच घेतल्यास नळीचे तोंड दुप्पट नव्हे, तर चौपट मोठे होते.

केंद्र शोधणे

ताटासारख्या गोल वस्तूची कड कागदावर आखून घ्यावी. परस्परांना समांतर नसलेल्या दोन जीवा काढून त्यांचे लंबदुभाजक काढावेत. ते ज्या बिंदूत छेदतात तो केंद्रबिंदू होय. तेथून कडेपर्यंतचे अंतर मोजल्यास त्रिज्या मिळते व तिची दुप्पट केल्यास व्यास.