वाकडं नाणं, सरळ हिशेब

माळव्यातल्या आपल्या मराठी घरांत सोनं साठवायची रीत जुनी आहे. आजीच्या काळात गुरुपुष्याला वळं किंवा वेढणी घेत. आता धनत्रयोदशीला, पाडव्याला एक, दोन, पाच ग्रॅमची नाणी घेतली जातात. बारशाला, मुंजीला, लग्नाला आहेर म्हणूनही तीच येतात. त्यामुळे धार असो की देवास, बहुतेक घरांच्या लॉकरमध्ये अशी आठ-दहा नाणी सापडतात, आणि त्यातली दोन-तीन तरी 'खराब' झालेली असतात. कुणाचं पाकीट फाटलेलं, कुणावर चरे, एखादं वाकलेलं, एखाद्याला कडी लावून गळ्यात घातलेलं.

ही नाणी विकायला नेली की समोरून पहिलं वाक्य येतं, "खराब झालंय, कमी मिळतील." हे वाक्य काही वेळा खरं असतं, बऱ्याचदा अर्धंच खरं असतं. तो फरक आपल्या पिढीला कळायला हवा, कारण आईवडिलांची ही नाणी विकायची किंवा वाटून घ्यायची वेळ आपल्यावरच येणार आहे.

नोट आणि नाणं

देवासकरांना बँक नोट प्रेस नवीन नाही. तिथे छापलेली नोट फाटली तर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. तुकडा किती मोठा उरला आहे ते बघून बँक पूर्ण किंवा अर्धे पैसे देते. नोटेची किंमत कागदात नसते, सरकारी वचनात असते, म्हणून फाटलेल्या नोटेसाठी नियम लागतो. सोन्याच्या नाण्याचं उलट आहे. त्याची किंमत वजन आणि शुद्धता या दोनच गोष्टींत आहे. चरा पडला म्हणून शुद्धता बदलत नाही. वाकलं म्हणून वजन घटत नाही. चोवीस कॅरेट सोनं मुळातच मऊ असतं, त्यामुळे चरे पडणं हा त्याचा स्वभावच आहे.

मग तोटा होतो कुठे? तो खरेदीच्याच दिवशी होतो. हिशेबाला सोपं जावं म्हणून सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आणि १० ग्रॅमच्या नाण्याची घडणावळ ४ टक्के धरू. सोन्याचे १,००,०००, घडणावळ ४,०००, त्यावर ३ टक्के जीएसटी ३,१२०. एकूण १,०७,१२०. दुसऱ्या दिवशी विकायला गेलात तर नाणं कोरं असलं तरी मिळतील ते सोन्याचे एक लाखच. वरचे ७,१२० चऱ्यामुळे गेलेले नाहीत, ते आधीच गेले होते.

लहान नाण्यात हा भार आणखी वाढतो. एक ग्रॅमच्या नाण्यावर घडणावळ १० टक्के धरली, तर तेच दहा ग्रॅम दहा नाण्यांत घेताना १,१३,३०० रुपये मोजावे लागतात. वजनाचंही तसंच. दहा मिलिग्रॅमची चूक दहा ग्रॅमच्या नाण्यात नगण्य असते, एक ग्रॅमच्या नाण्यात ती एक टक्का होते. म्हणून लहान नाणी मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावरच तोलून घ्यावीत.

कडीची भानगड

खरा फटका बसतो तो कडी लावलेल्या नाण्याला. समजा, ९९९ शुद्धतेचं १० ग्रॅमचं नाणं आहे आणि त्याला अर्धा ग्रॅमची १८ कॅरेटची कडी जोडलेली आहे. प्रत्यक्षात शुद्ध सोनं १०.३६५ ग्रॅम भरतं. सराफानं "सगळं बावीस कॅरेट धरू" म्हटलं, तर साडेदहा ग्रॅमवर ९.६१८ ग्रॅमच मोजलं जातं. जवळजवळ पाऊण ग्रॅम, म्हणजे वरच्या भावानं सुमारे ७,५०० रुपये एका वाक्यात गेले. उपाय सोपा आहे. कडी आपल्यासमोर कापून घ्यायची आणि नाणं व कडी वेगवेगळी तोलायची.

तपासणी

कसोटीवर कस लावणं ही जुनी पद्धत आणि एक्स-रे यंत्र ही नवी. दोन्ही मुख्यतः पृष्ठभाग बघतात. कडीच्या जोडाजवळ यंत्र लावलं तर टंच कमी दिसणारच, म्हणून मोजणी नाण्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी करायला सांगा. शंका उरली तर वितळवून किंवा नमुना काढून केलेली परीक्षा जास्त खात्रीची, पण वितळवलेलं परत येत नाही. त्याआधी आकडा आणि घट लिहून घ्यावी. धार आणि देवास दोन्हीकडून इंदूर जवळ आहे. ज्या सराफ्यात रात्री आपण भुट्ट्याचा कीस खातो, तिथेच दिवसा दोन-तीन दुकानांत भाव विचारायला एक फेरी पुरते.

आणखी एक. डागाळलेलं नाणं दारावर आलेल्या 'उजळून देतो'वाल्याकडे कधीही देऊ नका. त्याच्या द्रावणात आम्लराज असेल तर त्यात सोनं विरघळतं, आणि नाणं चकचकीत होऊन हलकं होतं. हळद-कुंकू कोमट साबणाच्या पाण्यानंही जातं.

वितळवण्याआधी थांबा

आजीच्या डब्यातलं प्रत्येक नाणं बँकेचं नसतं. 'पुतळी' हा शब्दच व्हेनिसच्या डुकाटवरच्या मानवी आकृतींवरून आला असं मानतात. ते नाणं साधारण साडेतीन ग्रॅमचं आणि जवळजवळ शुद्ध सोन्याचं. ईस्ट इंडिया कंपनीची मोहोर ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि बावीस कॅरेट. ब्रिटिश गिनी ७.९८ ग्रॅम, तीही बावीस कॅरेट. १९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही गिन्या पाडल्या गेल्या. त्यांच्यावर इंग्रजी 'आय' अक्षराची बारीक खूण असते. कडी लावलेल्या किंवा भोक पाडलेल्या नाण्याला संग्राहक बरंच कमी देतात, पण दुर्मीळ वर्षाचं असेल तर सोन्यापेक्षा जास्त मिळू शकतं. जाणकाराला दाखवण्याआधी मुशीत टाकू नये.

परदेशी राहणाऱ्या भावंडांना हेही सांगून ठेवा, की शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. वाटणीत अशी नाणी इथे राहणाऱ्याकडे ठेवलेली बरी.

विकताना, घेताना

बँका नाणी विकतात, परत घेत नाहीत. नाण्यांवर कर्जही माणशी ५० ग्रॅमपर्यंतच मिळतं. म्हणून फाटलं तरी पाकीट आणि बिल टाकू नका. २०२१ पासून दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला, नाणी मात्र त्या सक्तीत नव्हती. तेव्हा नाण्याच्या बाबतीत बिल हाच मोठा पुरावा.

विकताना तीन प्रश्न आधी विचारा. आजचा खरेदीचा भाव काय? घट किती धरणार? शुद्धता कशावरून ठरवणार? पैसे खात्यात घ्या. नाणं २४ महिन्यांहून अधिक काळ जवळ असेल, तर नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, तेव्हा जुनं बिल इथेही कामी येतं.

उलट बाजूनं, चरे पडलेली नाणी घडणावळ न देता घेणं हा शहाणा सौदा असू शकतो. मुलीच्या लग्नासाठी सोनं आटवायचंच असेल, तर कोऱ्या पाकिटाचे पैसे कशाला द्यायचे? पण ती ओळखीच्या सराफाकडून, तपासून आणि बिलासह घ्या. रस्त्यात कुणी भावापेक्षा फारच स्वस्त देत असेल, तर ते खोटं किंवा चोरीचं असण्याचीच शक्यता जास्त. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. आणि नियमित घेणं-विकणं सुरू केलंत तर तो धंदा झाला. त्याचा हिशेब आणि कर वेगळा.

येत्या लक्ष्मीपूजनाला नाणी ताटात मांडाल, तेव्हा आईबाबांसोबत बसून एक यादी करा. वजन, त्यावरचा शिक्का, कुणी कधी दिलं, बिल कुठे आहे, आणि दोन्ही बाजूंचा फोटो. अर्ध्या तासाचं काम आहे. 'हे आत्यानं मुंजीत दिलं होतं' ही माहिती सांगणारी माणसं आज शेजारी बसलेली आहेत, त्यांना विचारून घ्या.