मागील शिल्लक पुढे ओढली

आमच्या घरी लढाऊ हेलिकॉप्टर आले ते १९९८ च्या अखेरीस. मुलगा आठवीत होता आणि संगणक अर्थातच 'अभ्यासासाठी' घेतला होता. दिवसा खेळ त्याचा. रात्री तो झोपला की खुर्ची माझी. बँकेतले साहेब मध्यरात्री अपाची उडवतात हे गावात कळले असते, तर कर्जाचा अर्ज घेऊन कोणी आमच्या शाखेची पायरी चढले नसते!

या खेळांना सिम्युलेटर म्हणतात. नुसत्या गोळ्या झाडून इथे भागत नाही. हेलिकॉप्टर हवेत एका जागी स्थिर ठेवणे हेच आधी आठवडाभर जमत नाही. मग टेकडीआड दबा धरायचा, डोके वर काढून नेम धरायचा, पुन्हा खाली. एकट्याने खेळणाऱ्यासाठी प्रत्येक उड्डाण ही एक कामगिरी आणि अशा कामगिऱ्यांची साखळी म्हणजे मोहीम. मोहिमेच्या बाबतीत मात्र या खेळांचे दोन पंथ आहेत.

पहिला पंथ कादंबरीकाराचा. ईगल डायनॅमिक्सचा २००८ सालचा 'ब्लॅक शार्क' घ्या. त्यातले रशियन का-५० हे एकट्या वैमानिकाचे हेलिकॉप्टर. एकावर एक, उलटसुलट फिरणारे दोन पंखे; जीव वाचवायची वेळ आली तर आधी पाती स्फोटाने उडवायची आणि मग रॉकेटने वैमानिक बाहेर. त्याच्या मोहिमा कॉकेशसच्या मुलखात घडतात. रणगाडे कोणत्या वळणावर दिसतील, मदतीची हाक केव्हा येईल, हे कोणीतरी आधीच बसून लिहून ठेवलेले असते. गुण पन्नासच्या वर गेले तर पुढचा टप्पा, खाली राहिले तर मागचा, नेमके पन्नास पडले तर पुन्हा तिथेच. शाळेची आठवण व्हावी असा हिशेब!

दुसरा पंथ खतावणीचा. रेझरवर्क्सचे १९९८ सालचे 'अपाची व्हर्सेस हॅवॉक' आणि २००० सालचे 'कोमांची व्हर्सेस होकम' हे त्यातले मानकरी. क्यूबा, जॉर्जिया, लेबनॉन, तैवान, येमेन अशा भूमीवर एक अख्खे युद्ध चालू असते आणि ते तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्ही तळावर चहा पीत बसलात तरी ट्रकांचे तांडे निघतात, दुसरी हेलिकॉप्टरे उडतात, पडतात, आघाडी सरकते. यादीतली एक कामगिरी उचलायची, जमेल ती करायची. पडलात तर दुसऱ्या हेलिकॉप्टरात बसता येते. पण पडलेले हानीच्या खात्यात जमा. यातली गंमत अशी, की कोमांचीचा प्रकल्प अमेरिकी सैन्याने २००४ साली गुंडाळला. त्या हेलिकॉप्टरच्या नशिबी युद्ध आले ते फक्त संगणकावर.

या दोहोंच्या मध्ये १९९७ चा 'लाँगबो २'. त्याच्या अझरबैजानच्या मोहिमेत कालच्या उड्डाणाचा निकाल पाहून आजची कामगिरी बेतली जाते.

रंगत कोणात जास्त? प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिल्या पंथात. लिहिलेल्या मोहिमेला चढउतार असतात, रेडिओवर माणसे बोलतात. खतावणीच्या युद्धात त्याच गस्ती, तीच टेहळणी. पुष्कळदा कंटाळा येतो. पण लिहिलेली मोहीम दुसऱ्यांदा खेळताना वळणावरचे रणगाडे तुमची वाट पाहत तिथेच उभे असतात. खतावणीतली दोन युद्धे सारखी होत नाहीत.

मी आयुष्यभर दोन्ही पंथांत वावरलो. कादंबरीत मारलेले पात्र पुढच्या खर्ड्यात जिवंत करता येते, आणि मी केलेही आहे. बँकेत खाडाखोड चालत नसे. चुकली तर उलट नोंद करायची. पण चूक पानावर राहायचीच, आणि पान भरले की शिल्लक पुढे ओढायची.

हे सारे आठवले ते नातवामुळे. मध्यंतरी का-५० वर मी एका ट्रकांच्या तांड्याला संरक्षण देत होतो. उशीर झाला, तांडा जळाला. मी निमूटपणे कामगिरी पहिल्यापासून सुरू केली. तेच ट्रक, तोच रस्ता. शेजारी बसलेला नातू म्हणाला, "आबा, मगाशी ते जळले होते ना? त्यांना माहितेय का?"

मला उत्तर सुचले नाही. आठवली १९९९ च्या मे महिन्यातली एक सकाळ. आदल्या रात्री मी खेळात दोन हेलिकॉप्टरे घालवून, हानीचा आकडा बघून, जांभई देत झोपलो होतो. २८ मे रोजी तोलोलिंगच्या परिसरात आपल्या वायुदलाचे एमआय-१७ क्षेपणास्त्राने पाडले. आतले चौघेही गेले. ती बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि रात्रीचा तो आकडा डोळ्यांपुढे आला. पुढे बरेच दिवस ती खुर्ची रिकामी राहिली. आकडा एवढाच, चार. पण तो चार घरांत कायमचा पुढे ओढला जाणार होता.

नातवाला शेवटी एवढेच म्हणालो, "त्यांना माहीत नाही. आपल्याला आहे."

त्याने मान डोलावली. हल्ली तो माझ्याकडे जुना खेळच मागतो. पडलेली हेलिकॉप्टरे एका वहीत लिहून ठेवतो, तारखेनिशी. खाडाखोड न करता.