नकोशा पत्रांचे ओझे कोण वाहतो?

टपालाने पत्र धाडावयाचे तर तिकिटाचा खर्च धाडणाऱ्याने सोसावयाचा, हा नियम आपणां सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. ई-मेलच्या टपालात मात्र तो उलटा झाला. धाडणाऱ्यास एक पत्र काय अन् लाख पत्रे काय, खर्च जवळजवळ सारखाच. भार पडतो तो पत्रे स्वीकारणाऱ्यावर. अशा नकोशा पत्रांस ‘स्पॅम’ म्हणतात. वाचकहो, ती आपल्या दृष्टीस फारशी पडत नाहीत, याचे कारण त्यांना दारातच अडविणारा कोणीतरी असतो. त्याच्याविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

हा उपद्रव जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थुअर्क या विक्री-अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकदम धाडली. पुढे १९८२ साली ई-मेल पोहोचविण्याचे नियम ठरले. परंतु धाडणाऱ्याचे नाव खरे की खोटे, हे पडताळण्याची सोय त्यांत नव्हती. जाळे लहान होते व परस्परांवर भरवसा होता. त्याच भरवशाचा लबाडांनी पुढे गैरफायदा घेतला.

ई-मेलचे टपालघर म्हणजे मेल सर्व्हर. एखादे महाविद्यालय किंवा लहान संस्था तो स्वतः चालविते, तेव्हा तो सांभाळणाऱ्यावर तिहेरी संकट असते. जगातील ई-मेलपैकी आजही जवळजवळ निम्मे स्पॅम असते. ते चाळण्यात यंत्र, वीज आणि रात्रीची झोप खर्ची पडते. चाळणी बारीक केली तर नोकरीचे बोलावणेही कचऱ्यात जाते. सैल केली तर फसवणुकीचे पत्र घरात शिरते. बोल मात्र दोन्हीकडून त्यालाच. तिसरे संकट सर्वांत कठीण. एखाद्याचा पासवर्ड चोरून लबाड त्याच सर्व्हरमधून स्पॅम सोडतात. मग तो सर्व्हर काळ्या यादीत जातो आणि निरपराध माणसांचीही पत्रे परत येऊ लागतात.

हे ओझे लादणारे थोडे असतात. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅककोलो ही एकच कंपनी जाळ्यापासून तोडली गेली, तेव्हा जगातील स्पॅम काही काळ निम्म्याहून अधिक घटले. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांस आपली ओळख पटविणे सक्तीचे केले. नियम योग्यच, पण प्रत्येक नवा बंदोबस्त लहान सर्व्हर सांभाळणाऱ्याचे काम वाढवितो. थकून अनेकांनी आपली टपालघरे बंद केली व ते मोठ्या कंपन्यांच्या आश्रयास गेले. अशाने सर्वांचे टपाल मूठभरांच्या हाती जाते, ही चिंतेची बाब आहे.

आपणांस काय करता येईल? पासवर्ड जपावा. अनोळखी पत्रातील दुवा उघडू नये. आपणच मागविलेल्या पत्रावर ‘स्पॅम’चा शिक्का मारू नये. आणि एखादे पत्र पोहोचले नाही तर सर्व्हर सांभाळणाऱ्यास बोल लावण्यापूर्वी स्पॅमचा कप्पा एकदा पाहावा. एवढ्यानेही त्याचा भार हलका होईल.