लष्करी अकादमीतील सॉकर प्रशिक्षकांची व्यावसायिक कारकीर्द : एक विवेचन

प्रस्तावना

क्रीडा प्रशिक्षकाच्या यशाचे मोजमाप कसे करावे, हा प्रश्न शारीरिक शिक्षण या विषयाच्या अभ्यासकांना नवा नाही. जिंकलेले सामने, मिळालेली पदके आणि घडविलेले राष्ट्रीय खेळाडू हे तीन निकष सर्वसाधारणपणे वापरले जातात. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका महाविद्यालयातील मूल्यमापन बैठकीस उपस्थित असताना तेथील क्रीडा संचालकांना समितीने एकच प्रश्न विचारला होता, "पदके किती?" उत्तर ऐकून समिती पुढील विभागाकडे वळली. त्या गृहस्थांनी अठरा वर्षे रोज सकाळी साडेपाचला मैदान उघडले होते. याची नोंद करण्यासाठी विवरणपत्रात रकाना नव्हता.

हे निकष जेथे जवळजवळ निरुपयोगी ठरतात, अशा एका ठिकाणाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. अमेरिकेतील लष्करी अकादमींचे सॉकर संघ हे ते ठिकाण होय. अमेरिकेत 'फुटबॉल' या शब्दाने वेगळा खेळ ओळखला जात असल्याने आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्यास येथे 'सॉकर' असे संबोधिले आहे. वेस्ट पॉइंट येथील भूसेना अकादमी (स्थापना १८०२), ॲनापोलिस येथील नौसेना अकादमी (१८४५) आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील वायुसेना अकादमी (स्थापनेचा कायदा १९५४) या तीन संस्था विवेचनासाठी घेतल्या असून भर पहिल्या दोहोंवर आहे.

पदाचे स्वरूप

या तिन्ही संस्था पदवी देणारी महाविद्यालये आहेत आणि त्यांचे संघ नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए, या संघटनेच्या पहिल्या श्रेणीत खेळतात. याचा अर्थ असा की, वेस्ट पॉइंटच्या सॉकर प्रशिक्षकाची तुलना इंडियाना, मेरीलँड किंवा सेंट लुईस विद्यापीठाच्या प्रशिक्षकाशी होते. स्पर्धा एकच, नियमही एकच. मात्र प्रशिक्षकाच्या हाती असलेली साधने भिन्न आहेत.

सर्वसाधारण विद्यापीठातील प्रशिक्षक आपला संघ निवडतो. त्याच्याकडे शिष्यवृत्त्या असतात, त्या तो हव्या त्या खेळाडूंमध्ये वाटतो. युरोप, आफ्रिका किंवा लॅटिन अमेरिकेतून तयार खेळाडू आणतो. २०१८ नंतर खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाण्याचा मार्ग बराच सुलभ झाल्याने तो दुसऱ्याने घडविलेला बावीस वर्षांचा खेळाडूही एका हंगामासाठी मिळवू शकतो.

लष्करी अकादमीच्या प्रशिक्षकास यांपैकी जवळजवळ काहीच उपलब्ध नसते. अकादमीत शिक्षण सर्वांनाच विनामूल्य असते, उलट प्रत्येक कॅडेटला वेतन मिळते. त्यामुळे शिष्यवृत्तीचे आमिष दाखविता येत नाही. उमेदवार अविवाहित आणि अमेरिकन नागरिक असावा लागतो. मित्रदेशांच्या सरकारांनी पाठविलेले थोडे परदेशी कॅडेट असतात, पण त्यांची निवड प्रशिक्षक करीत नाही. प्रवेशासाठी बहुतेकांना आपल्या भागातील काँग्रेस सदस्याचे नामांकन मिळवावे लागते, शिवाय शैक्षणिक, वैद्यकीय आणि शारीरिक क्षमतेच्या चाचण्या असतातच. दुसऱ्या महाविद्यालयात दोन वर्षे पूर्ण केलेला विद्यार्थी आला तरी त्याला पहिल्या वर्षापासूनच आरंभ करावा लागतो. पदवीनंतर किमान पाच वर्षे प्रत्यक्ष लष्करी सेवा बंधनकारक आहे. सतरा वर्षांच्या एखाद्या उत्तम मध्यरक्षकाच्या घरी बसून त्याच्या आईवडिलांना हे सर्व समजावून सांगणे, हा प्रशिक्षकाच्या कामाचा पहिला भाग होय.

या अडचणींवर एक उपाय मात्र उपलब्ध आहे. भूसेना आणि नौसेना यांच्या स्वतःच्या पूर्वतयारी शाळा आहेत. अभ्यासात थोडा कच्चा असलेला खेळाडू तेथे एक वर्ष काढून अकादमीत येऊ शकतो. अनुभवी प्रशिक्षक या वाटेचा उपयोग जाणीवपूर्वक करतात.

प्रवेश मिळाल्यानंतरची स्थितीही विचारात घेण्याजोगी आहे. नवे कॅडेट जूनअखेर किंवा जुलैच्या आरंभी दाखल होतात आणि सुमारे सहा-सात आठवड्यांच्या प्राथमिक लष्करी प्रशिक्षणातून जातात. पहाटेची कवायत, पाठीवर ओझे घेऊन दीर्घ चाल, अपुरी झोप. सॉकरचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो. अन्यत्र नवा खेळाडू उन्हाळाभर चेंडूशी खेळून ताजातवाना येतो. येथे तो थकून येतो आणि चेंडूचा स्पर्श विसरलेला असतो. पुढची चारही वर्षे अभ्यासक्रम, कवायत आणि वसतिगृहाची शिस्त यांतून उरलेले दुपारचे दोन-अडीच तास तेवढे सरावाला मिळतात. वेस्ट पॉइंटचा कार्यक्रम सत्तेचाळीस महिन्यांचा आखलेला असल्याने दुखापतग्रस्त खेळाडूला एक वर्ष मागे ठेवून पाचव्या वर्षी खेळविणे, ही अन्यत्र सर्रास वापरली जाणारी युक्तीही येथे सहसा चालत नाही.

दीर्घ सेवेची पिढी

असे असताना या संघांनी एके काळी देशात अव्वल स्थान मिळविले होते, ही वस्तुस्थिती लक्षात घेतली पाहिजे. नौसेना अकादमीचे ग्लेन वॉर्नर यांनी १९४६ पासून सुमारे तीस हंगाम संघाचे मार्गदर्शन केले. १९६३ साली त्यांचा संघ एनसीएएच्या अंतिम सामन्यात सेंट लुईसकडून ०-३ असा पराभूत झाला. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, मिशिगन स्टेटला १-० असे हरवून तो राष्ट्रीय विजेता ठरला. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत कोणत्याही लष्करी अकादमीला सॉकरचे हे विजेतेपद त्यानंतर मिळालेले नाही. त्याच काळात वेस्ट पॉइंट येथे जो पलोन होते. १९४७ पासून १९७० च्या दशकाच्या अखेरपर्यंत ते एकाच मैदानावर राहिले. १९६३ ते १९६६ अशी सलग चार वर्षे त्यांचा संघ उपांत्य फेरीत पोहोचला, विजेतेपद मात्र हुकले. वायुसेना अकादमीत लू सागास्तुमे यांनी १९७९ पासून पाव शतकाहून अधिक काळ हीच परंपरा चालविली.

तीस वर्षे एकाच पदावर राहणे त्या काळी शक्य का झाले? याची कारणे व्यक्तींच्या निष्ठेत शोधण्याचा मोह होतो, तथापि ती परिस्थितीतही होती. महाविद्यालयीन सॉकर हा तेव्हा बिनपैशाचा, दुय्यम खेळ होता. दुसरीकडे जाऊन प्रशिक्षकाला फारसे काही मिळणार नव्हते. बहुतेक विद्यापीठांचे संघ आसपासच्या मुलांतूनच बनत, त्यामुळे काटक, शिस्तबद्ध आणि चार वर्षे एकत्र राहणारा संघ ही मोठीच जमेची बाजू ठरे. सक्तीची लष्करभरती १९७३ पर्यंत अस्तित्वात होती आणि सैन्यसेवा बहुसंख्य तरुणांच्या आयुष्यात कोणत्या ना कोणत्या रूपाने येणारच होती. अकादमी निवडणे हा तेव्हा आजच्याइतका वेगळा निर्णय नव्हता.

१९७० च्या दशकात हे सर्व बदलले. व्हिएतनाम युद्धाने गणवेशाचे आकर्षण कमी केले. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठासारख्या संस्थांनी परदेशी खेळाडूंच्या बळावर १९७५ व १९७६ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळविली. शिष्यवृत्त्या वाढल्या. नियम सर्वांना सारखेच राहिले, पण साधनांतील अंतर इतके वाढले की अकादमीच्या प्रशिक्षकाला राष्ट्रीय विजेतेपद हे ध्येय म्हणून समोर ठेवणेच कठीण झाले. वॉर्नर यांचा उत्तराधिकारी कितीही गुणी असता तरी १९६४ ची पुनरावृत्ती त्याच्या हातात नव्हती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जाणारे आणि राहणारे

यानंतर प्रशिक्षकांच्या कारकिर्दीचा एक नवा नमुना दिसू लागतो. अकादमी हा मुक्काम न राहता टप्पा होऊ लागते. बास्केटबॉलमध्ये हे आधीच घडले होते. बॉब नाइट १९६५ ते १९७१ वेस्ट पॉइंटला होते, तेथून ते इंडियानाला गेले. त्यांच्याच हाताखाली खेळलेले माइक शशेव्स्की १९७५ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले. शेवटच्या हंगामात संघाने ९ सामने जिंकले व १७ गमावले, आणि तरीही १९८० मध्ये ड्यूक विद्यापीठाने त्यांची निवड केली. पुढे ड्यूकला त्यांनी पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. निवड करणाऱ्यांनी केवळ जय-पराजयाचा तक्ता पाहिला असता तर हे घडले नसते. अपुऱ्या साधनांत संघ कसा उभा केला, हे त्यांनी पाहिले असावे.

सॉकरमध्ये स्टेफनी गोलन यांनी वेस्ट पॉइंटच्या महिला संघासोबत चार हंगाम काढून २०१२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाची सूत्रे घेतली. रसेल पेन हे मेरीलँडमधील सहायक पदावरून २०१० मध्ये वेस्ट पॉइंटला मुख्य प्रशिक्षक म्हणून आले आणि दशकभरानंतर, २०२१ च्या हंगामापासून, नॉर्थवेस्टर्नला गेले. एका मोठ्या विद्यापीठातील सहायक ते दुसऱ्या मोठ्या विद्यापीठातील मुख्य, या प्रवासात अकादमी मधली पायरी ठरली.

डेव्ह ब्रँट यांची वाट याहून निराळी आहे आणि अभ्यासकाला अधिक विचार करावयास लावणारी आहे. मसायाह या तिसऱ्या श्रेणीतील छोट्या महाविद्यालयात त्यांनी सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली होती. २००९ मध्ये ते नौसेना अकादमीत आले. तेथून २०१६ मध्ये पिट्सबर्ग रिव्हरहाउंड्स या व्यावसायिक संघाकडे, आणि त्यानंतर पुन्हा तिसऱ्या श्रेणीतील होप महाविद्यालयाकडे. कारकीर्द म्हणजे नेहमी वर चढणारी शिडी, ही आपली समजूत येथे टिकत नाही. ज्याला शिकविण्यात रस आहे तो शिकविता येईल अशा जागी परततो, एवढेच म्हणता येईल.

राहणाऱ्यांत कॅरिन गबारा यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. कॅरिन जेनिंग्ज या माहेरच्या नावाने खेळताना १९९१ मध्ये चीनमध्ये झालेल्या पहिल्या महिला विश्वचषकात त्यांनी जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तीन गोल केले आणि स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा सुवर्णचेंडू पटकाविला. १९९३ मध्ये त्या नौसेना अकादमीच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या. लक्षात घेण्याची बाब अशी की, त्या वेळी त्या खेळाडू म्हणून निवृत्त झालेल्या नव्हत्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधील सुवर्णपदक त्यांनी प्रशिक्षकपदावर असतानाच मिळविले. जगातील कोणत्याही विद्यापीठाने त्यांना आनंदाने बोलाविले असते. त्या ॲनापोलिसमध्ये तीन दशके राहिल्या. अकादमीत मुलींना प्रवेश १९७६ पासून मिळू लागला, आणि पुरुषी वातावरणाच्या त्या संस्थेत मुलींच्या संघाचा पाया एका विश्वविजेतीने घातला, याचे सामाजिक महत्त्व गोलांच्या संख्येत मावणारे नाही.

घडविलेला विद्यार्थी कोठे जातो?

सामान्य विद्यापीठाचा प्रशिक्षक आपल्या व्यावसायिक खेळाडूंची नावे अभिमानाने सांगतो. अकादमीच्या प्रशिक्षकाला तेही क्वचितच शक्य होते. ब्रँट यांच्या संघातील बचावपटू जोसेफ ग्रीनस्पॅन यांना २०१५ मध्ये कोलोरॅडो रॅपिड्स या व्यावसायिक संघाने निवडले. परंतु ते नौदलाचे अधिकारी होते, त्यामुळे सेवा आणि खेळ यांची सांगड रजा काढून घालावी लागली. लष्करी सेवा पुढे ढकलण्याविषयीचे नियम त्यानंतर अनेकदा बदलले. तरी बहुतेकांसाठी चौथ्या वर्षातील नोव्हेंबरचा अखेरचा सामना हाच स्पर्धात्मक खेळाचा शेवट असतो.

आपल्याकडे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत हा प्रश्न या स्वरूपात उद्भवत नाही. १९५५ मध्ये औपचारिक उद्घाटन झालेल्या या संस्थेत खेळ प्रत्येकाला अनिवार्य आहेत, पण त्यांचा कणा स्क्वॉड्रनांमधील परस्पर स्पर्धा हा आहे. विद्यापीठांच्या राष्ट्रीय क्रमवारीत आपला संघ कोठे आहे, यावर तेथील प्रशिक्षकाचे भवितव्य ठरत नाही. अमेरिकन अकादमीने मात्र दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून मागितल्या आहेत : अधिकारी घडवावेत आणि शनिवारचा सामनाही जिंकावा.

यांतील कोणती मागणी अधिक मोठी, हे कागदावर ठरविता येत नाही. जो पलोन यांचे १९६३ ते १९६६ या उपांत्य फेऱ्यांचे संघ ज्या तुकड्यांतून तयार झाले होते त्या पदवी घेऊन थेट व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात दाखल झाल्या. वेस्ट पॉइंटच्या १९६६ च्या एकट्या तुकडीतील ३० अधिकारी तेथे मारले गेले. वयाने ते पंचविशीच्या आसपासचे होते. पलोन त्यानंतरही दहा-बारा वर्षे दर ऑगस्टमध्ये, उन्हाळी प्रशिक्षणातून थकून आलेल्या नव्या मुलांना घेऊन त्याच मैदानावर सराव सुरू करीत राहिले.