ला रोशेल : पुढे पुढे सरकत गेलेले बंदर

ला रोशेल हे फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे, साधारण पाऊण लाख वस्तीचे शहर. समोर रे आणि ओलेराँ ही दोन मोठी बेटे आडवी पसरलेली असल्यामुळे महासागराच्या लाटांचा जोर किनाऱ्याला लागेपर्यंत ओसरलेला असतो. जहाजांना असा आडोसा मिळणे हे भाग्यच, पण जिथे पाणी शांत तिथे गाळही निवांत बसतो. या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीत आणि ओहोटीत पाण्याच्या पातळीत सुमारे सहा मीटरचा फरक पडतो. ओहोटीला उपसागराच्या कडेकडेने चिखलाचा करडा, चकचकीत पट्टा उघडा पडतो आणि मोठ्या जहाजाला त्यावर जाता येत नाही. शहराच्या साऱ्या बंदरांचा इतिहास या आडोशातून आणि या गाळातून निघाला आहे. गाळ साचला की बंदर खोल पाण्याकडे सरकायचे आणि जुने बंदर शहराच्या पोटात तसेच राहायचे. म्हणून आज इथे बंदरांचे निरनिराळ्या पिढ्यांतले नमुने काही किलोमीटरच्या अंतरात पाहायला मिळतात, आणि ते सगळे वापरात आहेत.

बाराव्या शतकात मीठ आणि दारू या दोन मालांवर हे बंदर वर आले. आसपासच्या मिठागरांतले मीठ आणि द्राक्षमळ्यांतली दारू इथून इंग्लंडकडे आणि उत्तरेच्या देशांकडे जाई. 1199 मध्ये एलेनॉर राणीने शहराची सनद कायम केली आणि व्यापाऱ्यांच्या हाती नगरकारभार आला. स्वतःचा नगराध्यक्ष निवडणारे, स्वतःचे कर वसूल करणारे शहर ही त्या काळी मोठी गोष्ट होती. राजापुढे सहजासहजी न वाकण्याची ला रोशेलची खोड इथूनच सुरू होते.

जुन्या बंदराचे तोंड आजही दोन बुरुजांच्या मधून आहे. समुद्रातून येताना उजव्या हाताला सँ-निकोला बुरूज आणि डाव्या हाताला साखळीचा बुरूज. सँ-निकोला 1376 च्या सुमारास पुरा झाला. त्याची उंची सुमारे 42 मीटर. खाली खडक नव्हताच. चिखलात ओकच्या लाकडाचे लांब खुंट ठोकून त्यावर पाया घातला. बांधकाम चालू असतानाच बुरूज एका बाजूला खचला. गवंड्यांनी वरचे मजले सरळ घेऊन तोल सावरला, तरी तो कल नीट पाहिला तर आजही डोळ्यांना जाणवतो. आत जाड भिंतींच्या पोटातून जाणारे जिने एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की वर चढलेला माणूस त्याच वाटेने खाली उतरेल याची खात्री नसते. समोरचा बुरूज काही वर्षांनंतरचा. या दोहोंमध्ये रात्री जाडजूड साखळी ताणली जाई आणि बंदराला कुलूप लागे. जहाजांवरचा कर चुकू नये, शत्रूची गलबते आत घुसू नयेत, ही दोन्ही कामे ती साखळी करी. 1651 मधल्या बंडाळीत साखळीच्या बुरुजातला दारूगोळा उडाला आणि पुढची जवळजवळ तीन शतके तो छपराविना उभा होता.

तिसरा बुरूज कंदिलाचा. पंधराव्या शतकात बांधलेल्या या बुरुजाचे टोकदार शिखर सुमारे 70 मीटर उंच आहे आणि त्याच्या बाजूच्या काचेच्या छोट्या मनोऱ्यात दिवा लावून जहाजांना वाट दाखवत. पुढे शतकानुशतके त्याचा तुरुंग म्हणून वापर झाला. पकडलेले इंग्रज, डच, स्पॅनिश खलाशी इथे कोंडले गेले आणि त्यांनी चुनखडीच्या मऊ दगडावर जे हाती लागेल त्याने कोरले. सहाशेहून अधिक कोरीव खुणा भिंतींवर आहेत. कुठे नुसते नाव आणि साल, कुठे क्रूस, तर कुठे तीन डोलकाठ्यांचे पूर्ण जहाज: शिडे, दोर, तोफांची दारे, सगळे जिथल्या तिथे. ज्या माणसाने आयुष्य जहाजावर काढले त्यालाच दोर कुठून कुठे जातो ते असे आठवणीतून कोरता येते. 1822 मध्ये कटाच्या आरोपावरून पकडलेले चार सार्जंट याच बुरुजात होते. पुढे पॅरिसला त्यांचा शिरच्छेद झाला. फ्रान्समध्ये ‘ला रोशेलचे चार सार्जंट’ एवढे म्हटले तरी पुरते.

शहराच्या इतिहासातला सर्वांत कठीण काळ 1627-28 चा. सोळाव्या शतकात ला रोशेलने प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला होता आणि ते ह्यूगनो लोकांचे फ्रान्समधले सर्वांत भक्कम ठाणे झाले होते. तेरावा लुई आणि त्याचा मंत्री कार्डिनल रिशल्यू यांना राज्यात दुसरे राज्य नको होते. सप्टेंबर 1627 मध्ये वेढा पडला. जमिनीकडून कोंडी करणे सोपे होते. प्रश्न होता समुद्राचा, कारण इंग्लंडची मदत त्याच वाटेने येणार. रिशल्यूने उपसागरातच बांध घालायचे ठरवले. राजाचा वास्तुशिल्पी क्लेमाँ मेतझो आणि पॅरिसचा गवंडी झाँ तिरियो यांनी दगडांनी भरलेली जुनी गलबते बुडवून, त्यावर दगड रचून सुमारे दीड किलोमीटर लांबीचा बांध उभा केला. मध्ये भरती-ओहोटीचे पाणी जाण्यापुरती फट ठेवली. 1628 मध्ये इंग्रज आरमार दोनदा आले आणि दोन्ही वेळा बांधापाशी थबकून परत गेले.

आत नगराध्यक्ष झाँ गितों शरण जायला तयार नव्हता. त्याने टेबलावर खंजीर रोवून, शरणागतीची भाषा काढेल त्याच्या छातीत हा जाईल असे बजावल्याची कथा शहर अजून सांगते, आणि ते संगमरवरी टेबल नगरभवनात दाखवतात. कथा खरी असो-नसो, उपासमार खरी होती. वेढा पडला तेव्हा शहरात सुमारे 27 ते 28 हजार माणसे होती. 28 ऑक्टोबर 1628 रोजी दरवाजे उघडले तेव्हा जेमतेम साडेपाच हजार उरली होती. अलेक्झांडर द्युमाच्या ‘थ्री मस्केटिअर्स’मुळे हा वेढा जगभर वाचला गेला, पण कादंबरीतल्या तलवारबाजीने या आकड्याचे वजन कमी होऊ नये. राजाने जमिनीकडचे तट पाडले. समुद्राकडचे बुरूज कामाचे म्हणून ठेवले. त्या बांधाचे अवशेष मोठ्या ओहोटीला अजून वर येतात आणि ती जागा जहाजांना कळावी म्हणून उभारलेल्या लाल खुणेला रिशल्यूचेच नाव आहे. पुढे फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांवर बंदी आल्यावर अनेक कुटुंबे समुद्रापार गेली. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ त्यांनी 1688 मध्ये वसवलेल्या गावाचे नाव न्यू रोशेल.

शहर मात्र पुन्हा उभे राहिले, आणि यावेळी अटलांटिकपलीकडच्या व्यापारावर. कॅनडातून केसाळ कातडी यायची, कॅरिबियन बेटांतून साखर. त्या साखरेच्या मळ्यांत राबायला आफ्रिकेतून माणसे विकत नेली जात. फ्रान्सच्या गुलाम-व्यापारातल्या अग्रेसर बंदरांत ला रोशेल होते. हे शहराने लपवलेले नाही. साखरमळ्यांचे मालक असलेल्या फ्लरियो घराण्याच्या वाड्यातच 1982 मध्ये ‘नव्या जगा’चे संग्रहालय उघडले आणि वैभव कशातून आले ते त्याच दिवाणखान्यांत मांडले. याहून योग्य जागा दुसरी नसती.

जुन्या वस्तीत शिरायची वाट मोठ्या घड्याळाच्या दरवाजाखालून जाते. खालचा भाग मध्ययुगीन तटाचा, वरचा घड्याळाचा मजला अठराव्या शतकातला. आत गेले की कमानी सुरू होतात. रस्त्याच्या कडेने घरांचा वरचा मजला पुढे आलेला आणि त्याच्याखाली दगडी कमानींची सलग ओळ, अशी रचना गल्लीमागून गल्ली दिसते. अटलांटिकचा पाऊस न सांगता येतो; कमानीखाली माल मांडला की तो भिजत नसे आणि गिऱ्हाईकही थांबून राही. ‘मिनाज’ गल्लीचे नाव धान्य मोजण्यावरच्या जुन्या करावरून पडले आहे. तिच्या टोकाला आजही सकाळचा बाजार भरतो. मर्सिए गल्लीतली लाकडी सांगाड्याची घरे जवळून पाहावीत. त्यांच्या दर्शनी लाकडावर पाटीच्या दगडाचे पातळ तुकडे माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक ठोकलेले आहेत. खाऱ्या वाऱ्याने लाकूड कुजू नये म्हणून केलेली ही युक्ती. पावसाने ओले झाले की सगळी भिंत निळसर काळी चमकते. एस्काल गल्लीतली फरसबंदी कॅनडाहून रिकामी परतणाऱ्या जहाजांनी तोल राखायला भरून आणलेल्या धोंड्यांची आहे, असे सांगतात. नगरभवनाला 28 जून 2013 रोजी मोठी आग लागली. छप्पर आणि आतले दिवाणखाने जळाले. दुरुस्तीला सहा वर्षांहून अधिक काळ लागला आणि डिसेंबर 2019 मध्ये इमारत पुन्हा उघडली.

इकडे बंदरात गाळाशी झगडा चालूच होता. मोबेक कालव्यात भरतीचे पाणी अडवायचे आणि ओहोटी लागली की दार उघडून एकदम सोडायचे, म्हणजे लोंढ्याबरोबर गाळ वाहून जाईल, ही जुनी रीत. ती पुरेना. ओहोटीला जहाजे चिखलात टेकत आणि त्यांच्या बुडाला ताण बसे. म्हणून जुन्या बंदराला लागून दारांची गोदी खणली: भरतीला दारे उघडून जहाज आत घ्यायचे, ओहोटीआधी दारे लावून पाणी आतच कोंडायचे. 1778 मध्ये सुरू झालेले हे काम 1808 मध्ये संपले. जहाजे वाढली तशी तिच्याबाहेर आणखी मोठी गोदी 1862 मध्ये तयार झाली. पुढे ती ट्रॉलरांची गोदी झाली.

त्या ट्रॉलरांच्या गोदीत आता सागरी संग्रहालय तरंगते. 1958 चे ‘फ्रान्स 1’ हे जहाज 1985 पर्यंत अटलांटिकच्या मध्यावर ठरलेल्या जागी थांबून हवामानाची निरीक्षणे घेत असे. उपग्रह आले आणि त्याचे काम संपले. त्याच्याच सोबतीला ‘जोशुआ’ ही बेर्नार मोआतेसिएची लाल पोलादी शिडाची नौका आहे. 1968-69 मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या पहिल्या शर्यतीत मोआतेसिए जिंकण्याच्या बेतात होता. पण परत न वळता तो तसाच ताहितीपर्यंत गेला. शर्यत पुरी करणारा एकमेव खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, आणि त्याची ‘सुहैली’ मुंबईत सागवानात बांधलेली. मुंबईच्या सुतारांची ती नौका 312 दिवसांनी परतली. तिच्याशी झुंजलेली ‘जोशुआ’ 1990 मध्ये संग्रहालयाने अमेरिकेहून आणली.

वाफेच्या मोठ्या जहाजांना गोद्याही उथळ पडू लागल्या, तेव्हा बंदराने लांब उडी घेतली. शहरापासून सुमारे पाच किलोमीटरवर, रे बेटाच्या आडोशाला नैसर्गिक खोल पाणी होते. तिथे ला पालिस हे बंदर बांधले आणि 1890 मध्ये अध्यक्ष सादी कार्नो यांनी त्याचे उद्‌घाटन केले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तिथे पाणबुड्यांसाठी दहा कप्प्यांचा काँक्रीटचा प्रचंड तळ उभारला. तो पाडणे सोपे नव्हते, म्हणून अजून उभा आहे. 1981 च्या ‘दास बूट’ या जर्मन चित्रपटात तो दिसतो. दोस्त सैन्य पुढे निघून गेल्यावरही जर्मन शिबंदी इथे अडून राहिली. फ्रेंच बाजूचे अॅडमिरल मेयर आणि जर्मन अॅडमिरल शिर्लिट्झ यांच्या वाटाघाटींमुळे बंदर उडवले गेले नाही आणि जुन्या शहरावर मारा झाला नाही. 8 मे 1945 ला ला रोशेल मोकळे झाले. बुरूज आणि कमानी आज उभ्या आहेत त्या या बोलण्यांमुळे. ला पालिसमधून आता मुख्यत्वे धान्य परदेशी जाते.

शिडाच्या हौशी नौकांसाठी 1972 मध्ये दक्षिणेला मिनीम बंदर सुरू झाले. वाढवल्यावर तिथे साडेचार हजारांच्या आसपास नौका राहतात. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर एवढे मोठे हौशी बंदर क्वचितच सापडेल. मासेमारी 1994 मध्ये शेफ द बे या नव्या बंदरात गेली. त्यानंतर जुन्या धक्क्यावरचा मासळीचा वास गेला आणि खानावळी आल्या, याची हळहळ वाटणे साहजिक आहे. पण मासेमारांना दारांच्या वेळेची वाट न पाहता समुद्रात जाता येऊ लागले, हेही तितकेच खरे.

जुन्या बंदरात आज तरंगते धक्के आहेत, गाळ यंत्राने उपसतात आणि दोन्ही तीरांमध्ये विजेवर चालणारी छोटी होडी ये-जा करते. पाहायला जाणाऱ्याने दिवस ठरवण्याआधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे आणि दोन्ही वेळा धक्क्यावर यावे. भरतीला बुरूज पाण्यातून उगवल्यासारखे दिसतात. ओहोटीला त्यांच्या पायथ्याचा शेवाळलेला दगड आणि चिखल उघडा पडतो, आणि बंदर इथून का हलवावे लागले ते कोणी सांगावे लागत नाही.