उंदीर मारण्याआधी भोक बुजवा

एप्रिल-मेमध्ये वर्षाचं धान्य भरायचं, ऊन दाखवायचं, गव्हाला एरंडेल चोळायचं किंवा कडुनिंबाचा पाला घालून ठेवायचा, आणि जूनचा पाऊस लागला की रात्री स्वयंपाकघरातून कुरकुर ऐकू यायला लागायची, हे अनेक घरांत दरवर्षी घडतं. बिळांत पाणी शिरतं, शेतात खायला फारसं काही उरलेलं नसतं आणि घरात मात्र क्विंटलभर गहू कोरडाठाक तयार असतो. मग कुणी मांजर आणतं, कुणी डांबरगोळ्या टाकतं, कुणी दुकानातून पुडी. या उपायांपैकी बरेचसे नुसते ऐकीव आहेत आणि काही तर जिवावर बेतणारे आहेत. पाला, राख आणि एरंडेल यांचा उपयोग किडीसाठी. उंदराला त्यांचं काही वाटत नाही, हेही आधीच सांगून टाकते.

‘खाऊन खाऊन किती खाणार?’

खरोखर फार खात नाही. घरातला छोटा उंदीर पंधरा-वीस ग्रॅम वजनाचा असतो आणि दिवसाला साधारण ३ ग्रॅम खातो. म्हणजे वर्षाला किलोभर धान्य. एवढ्यासाठी कुणी डोकं धरून बसणार नाही. पण तोच उंदीर दिवसाला पन्नासहून जास्त लेंड्या टाकतो आणि जिथून जाईल तिथे मुताचे बारीक थेंब सोडत जातो. एका जागी बसून पोटभर खाणं त्याच्या स्वभावात नाही. इथे दोन दाणे, तिथे एक शेंगदाणा असं तो रात्रभर वीस-तीस ठिकाणी तोंड घालतो. त्यामुळे नुकसान खाण्यापेक्षा नासवण्याचं जास्त असतं. त्याने जेवढं खाल्लं, त्याच्या कितीतरी पट तो खराब करून ठेवतो.

‘लेंड्या निवडल्या, ऊन दाखवलं, की झालं’

या समजुतीवर थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक घरांत हेच केलं जातं आणि करणाऱ्यांची त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. धान्य टाकून देणं जिवावर येतं.

लेंडी दिसते, मूत दिसत नाही. उंदराच्या विष्ठेतून साल्मोनेला हा जिवाणू पसरतो. त्यातून जुलाब, उलट्या, ताप येतो. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तो जड जातो. हा जिवाणू कोरड्या जागीही अनेक आठवडे तग धरतो, त्यामुळे गच्चीवर दोन दिवस ऊन दिल्याने धान्य शुद्ध झालं असं मानता येत नाही. लेप्टोस्पायरोसिसची गोष्ट वेगळी. त्याचे जंतू उंदराच्या मुतातून येतात, पण त्यांना ओल लागते. कोरड्या गव्हापेक्षा मोरी, सिंकखालची ओली फरशी आणि पावसाचं साचलेलं पाणी इथे लेप्टोचा धोका जास्त. पायाच्या भेगांतून, हाताच्या खरचटण्यातून हे जंतू शरीरात जातात. जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईने ही साथ अनुभवली आहे आणि कोकणाला तर ती पावसाळ्यात नेहमीच धास्तावते. घरात उंदीर असताना थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, तर डॉक्टरांना उंदरांबद्दल आवर्जून सांगावं.

मग कुरतडलेल्या पोत्याचं करायचं काय? पीठ, रवा, पोहे, साखर, सुकं खोबरं, मनुका, तिखट-मसाला, म्हणजे जे न धुता वापरलं जातं, त्यात लेंडी दिसली तर ते सरळ टाकावं. खरं तर कुठल्याही अन्नाला हाच नियम निर्धोक. अख्खं धान्य परवडत नाही म्हणून राखायचंच असेल, तर निदान कुरतडलेल्या कोपऱ्याच्या आसपासचं, ओलसर, गुठळ्या झालेलं, वास येणारं धान्य हात आखडता न घेता काढून टाकावं आणि उरलेलं चाळून, धुऊन, वाळवूनच वापरावं. जंतू मरतात ते नीट शिजण्याने, धुण्याने नव्हे. आणि असा गहू न धुता गिरणीत नेऊ नये. जात्यात आपल्यामागून दुसऱ्या कुणाचं तरी दळण पडणार असतं.

लेंड्या झाडूने झाडणं हीही अशीच अंगवळणी पडलेली सवय. कोरडं झाडलं की त्याची धूळ नाकातोंडात जाते. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं शिंपडून पाच मिनिटं थांबावं, हातमोजे घालून कागदाने पुसून घ्यावं. या पाण्यात संडासचं अॅसिड कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

‘एकच तर उंदीर आहे’

उंदीर रात्री फिरतो. दिवसा डोळ्यांसमोरून गेला, याचा अर्थ बहुतेक वेळा लपायची आणि खायची जागा बाकीच्यांना अपुरी पडू लागली आहे. मादीला साधारण तीन आठवड्यांत पाच-सहा पिल्लं होतात आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. त्यांची संख्या कशाने ठरते? मुख्यतः अन्न आणि आडोसा यांनी.

आपल्या राज्यात याची एक विदारक आठवण आहे. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. भीतीने आसपासच्या भागातल्या लोकांनीही घरं सोडली, रानात छपरं घातली, आणि साठवलेलं धान्य मागे पडक्या-रिकाम्या घरांत राहिलं. ऑगस्ट १९९४मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. त्या बेवारस धान्यावर उंदीर माजले, रानातल्या आणि घरातल्या उंदरांची सरमिसळ झाली आणि पिसवांमार्फत रोग माणसापर्यंत आला, असं स्पष्टीकरण अभ्यासकांनी मांडलं आहे. आज कुणी प्लेगने घाबरून जावं म्हणून हे सांगत नाही. उघडं धान्य आणि उंदरांची संख्या यांचं नातं किती थेट आहे, ते यातून कळतं.

म्हणूनच चार उंदीर मारले आणि धान्य तसंच राहिलं, तर त्यांची जागा दुसरे चार घेतात.

‘एवढ्याशा भोकातून कसा येईल?’

येतो. ज्या फटीत साधी पेन्सिल शिरते, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरच्या, त्या फटीतून छोटा उंदीर आत येऊ शकतो. डोकं गेलं की उरलेलं अंग तो आवळून घेतो. मोठ्या उंदराला याच्या दुप्पट फट पुरते. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे फट थोडी लहान असेल तर कुरतडून ती मोठी करायला त्याला वेळ लागत नाही.

स्वयंपाकघरात ही फट कुठे असते, ते एकदा स्वतः पाहावं. सगळ्यात खालची ट्रॉली पूर्ण बाहेर काढून मोबाइलचा टॉर्च लावला की मागची भिंत दिसते. सिंकचा पाईप भिंतीत शिरतो तिथे पाईपपेक्षा भोक मोठं असतं, आणि त्याच्या कडेला काळपट, तेलकट पट्टा उमटलेला असतो. रोज त्याच वाटेने अंग घासत जाणाऱ्या उंदरांची ती खूण. गॅसच्या पाईपचं भोक, मोरीची तुटलेली जाळी, दाराखालची फट, कौलारू घरात वासा आणि भिंत यांमधली जागा, ही बाकीची ठिकाणं.

बुजवायचं कशाने, यातही चूक होते. बोळा, लाकडाची खुंटी, पिवळा फोम, नुसतं एमसील यांतलं काहीही तो पोखरतो. स्टीलची तारेची घासणी भोकात गच्च ठासावी आणि वरून सिमेंट-वाळू भरावी. गावाकडे सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालतात, तेही उत्तम. मोरीला लोखंडी जाळी, दाराला खालून पत्र्याची पट्टी. एका सुट्टीच्या दिवसाचं हे काम आहे आणि माझ्या मते उंदरांवरच्या एकूण खर्चातला हाच खर्च सगळ्यात कमी आणि सगळ्यात टिकाऊ.

‘प्लॅस्टिकच्या पिंपात भरलंय, आता काळजी नाही’

पिंपाच्या गुळगुळीत पोटावर दात रोवता येत नाहीत हे खरं, पण झाकणाची कड आणि बुडाची शीर इथे त्याला पकड मिळते. पातळ प्लॅस्टिकचे डबे आणि पिशव्या तर अडथळाच नव्हेत. पत्र्याची कोठी आणि घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे यांना तोड नाही. कोठीला खाली धान्य काढायचं तोंड असतं, तिथली सरकती पट्टी सैल झालेली असते आणि तिकडे कुणी बघत नाही.

जुन्या साठवणींबद्दलही एक भाबडा समज आहे की पूर्वीचं सगळं निर्दोष होतं. जमिनीतलं पेव तोंड लिंपून हवाबंद केलं की आतला प्राणवायू संपतो आणि कीडही मरते. पद्धत खरोखर शास्त्रशुद्ध, पण त्याच कारणाने नुकतं उघडलेलं पेव माणसालाही घातक. शेणाने लिंपलेली बांबूची कणगी आणि मातीच्या भिंतीतलं बळद मात्र उंदराला सहज पोखरता येत असे. त्या कणग्या टिकल्या त्या दरवर्षी लिंपण करणाऱ्या बायकांच्या हातांमुळे. नियमित पाहणी हा त्या पद्धतीतला खरा भाग होता, आणि आपण तोच सोडला.

पोतीच वापरायची असतील तर फळ्यांवर ठेवावीत, भिंतीपासून हातभर दूर. सरकारी गोदामांतही थप्प्या अशाच अंतर सोडून लावतात, कारण मागे जाऊन बघता आलं पाहिजे.

मांजर, डांबरगोळ्या, आवाजाचं यंत्र

मांजर उंदीर मारतं, पण धान्य वाचवण्याइतके मारतंच असं नाही. न्यूयॉर्कमध्ये मोठ्या उंदरांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७९ दिवसांत मांजरांनी फक्त दोन उंदीर मारलेले आढळले. बाकीचे उंदीर फक्त जास्त लपून राहू लागले. मांजर आवडीने पाळावं, पण कोठीचं झाकण उघडं ठेवून त्याच्या भरवशावर राहू नये.

कानाला ऐकू न येणारा आवाज काढणारी यंत्रं प्लगमध्ये लावून लोक निर्धास्त होतात. हा आवाज भिंत, कपाट, पोतं यांच्यापलीकडे जात नाही, आणि उंदीर त्याला सरावतात. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ साली साठहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना, अशा दाव्यांना शास्त्रीय आधार हवा, असं बजावलं होतं.

डांबरगोळ्या अन्नाजवळ ठेवूच नयेत. त्या गोळीची वाफ विषारी असते, मुलं तिला गोड गोळी समजून तोंडात घालतात, आणि ज्यांच्या रक्तात जी६पीडी हे द्रव्य कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी तिने फुटू शकतात. उंदीर तिला वळसा घालून धान्यापर्यंत पोचतोच.

‘औषध खाल्लेला उंदीर पाणी प्यायला बाहेर जाऊन मरतो’

दुकानदार हमखास हे सांगतो. असं कुठलंही औषध नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत आणि उंदीर काही दिवसांनी मरतो, तो बहुधा आपल्या लपायच्या जागी. म्हणजे माळ्यावर, फ्रिजमागे, ट्रॉलीच्या सांध्यात. छोट्या उंदराला तर पाण्याची विशेष गरजही नसते, धान्यातल्या ओलाव्यावर त्याचं भागतं. मग आठवडाभर वास आणि वर माश्या.

काळी पूड, म्हणजे झिंक फॉस्फाइड, पोटातल्या आम्लात गेली की फॉस्फिन वायू तयार होतो, आणि त्याला उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसच्या मलमालाही नाही. ते यकृत निकामी करतं. आणि धान्यात ठेवायच्या म्हणून मिळवल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतल्या दमटपणानेच हा वायू सोडायला लागतात. त्या प्रशिक्षित लोकांनी, बंद गोदामात वापरायच्या. राहत्या घरात ठेवल्याने झोपेतच माणसं दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. कुणी सोय म्हणून देऊ केल्या तरी घेऊ नयेत, ही माझी कळकळीची विनंती. कुणाच्या पोटात उंदराचं कुठलंही औषध गेलं, तर लक्षणांची वाट न बघता, मीठपाणी न पाजता, वेष्टनासकट दवाखाना गाठावा. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के हा उतारा आहे, म्हणून वेष्टन महत्त्वाचं.

पिंजरा लावताना

चित्रांतल्या उंदराला चीज आवडतं. आपल्याकडचा शेंगदाणा, सुक्या खोबऱ्याचा तुकडा, भजं किंवा सुकट यांना लवकर भुलतो. छोटा उंदीर घरट्यापासून फार लांब जात नाही, बहुधा दहा मीटरच्या आतच फिरतो, आणि भिंतीला अंग लावून चालतो. म्हणून खोलीच्या मध्यभागी एक पिंजरा ठेवून काही साधत नाही. भिंतीलगत दोन-दोन मीटरवर, एकाच रात्री चार-पाच लावावेत. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी पिंजऱ्यात दोन-तीन दिवस नुसतं खाणं ठेवावं, दार उघडंच राहू द्यावं, मग चाप लावावा. चिकट पुठ्ठे टाळावेत. त्यावर जनावर तासन् तास तडफडतं, आणि पाल, चिमणीही अडकते. लांब तोंडाची, चुंचुं करणारी चिचुंद्री सापडली तर तिला सोडून द्या. ती मुळात उंदरांच्या जातीचीच नाही, झुरळं-किडे खाते.

गणपतीचं वाहन म्हणून मारायचं मन होत नाही, असं सांगणारी माणसं मला भेटतात. त्यांनी मारूच नये. भोकं बुजवणं आणि धान्य पत्र्यात ठेवणं यात एकही उंदीर मरत नाही. उंदीर आहेत की गेले, हे कळण्यासाठी ट्रॉलीमागे आणि कोठीभोवती रात्री रांगोळीचा पातळ थर पसरावा. सकाळी पाऊलखुणा आणि मधोमध ओढलेली शेपटीची रेघ दिसली, तर ती रेघ ज्या भिंतीकडे जाते तिथे अजून एक भोक राहिलं आहे.